घाट चढणारी मालगाडी

कॅलिफोर्नियात बेकर्सफिल्डच्या पुढे तेहाचापीचा घाट लागतो. १८७६ साली तिथून रेल्वे गेली. चढ सोसावा म्हणून रुळांना सुमारे पाऊण मैलाचे वेटोळे दिले आहे. तेवढ्यात गाडी ७७ फूट वर चढते. मालगाडी लांब असली की तिची इंजिने तिच्याच मागच्या डब्यांवरून पुढे जातात. हे टिपायला लोक कॅमेरे घेऊन तासन्‌तास थांबतात. मालगाडीची वेळ कोणाला ठाऊक नसते. आधी आवाज येतो, मग गाडी.

आपल्या वडीलधाऱ्यांना बोरघाट आठवेल. १८६३ साली खुला झालेला तो मार्ग, ३७ फुटांत १ फूट चढ, कर्जतला मागे लागणारी इंजिने. बेने इस्राएल घरांतली कितीतरी माणसे रेल्वेत नोकरीला होती.

तेहाचापी मुख्यतः चिनी मजुरांनी खणला. बोरघाट आपल्याकडच्या मजुरांनी, आणि तिथे हजारो मेले, पुष्कळसे पटकीने. फोटोत ते कोणी नाहीत. गाडी गेली की कॅमेरे बंद होतात. पण कापलेला खडक, बोगदा, भराव तेव्हाच नीट दिसतात. मुलांनी एक फोटो त्यांचाही काढावा.