भावकीचा घेवडा आणि मॉलचा क्रेट

माल मॉलला देतो म्हटलं की लोक आधी भाव विचारतात. भाव बरा असतो. खरा कस लागतो तो पहाटे ग्रेडिंगला बसल्यावर, घरच्याच माणसाचा क्रेट बाजूला सारताना.

आमचा पुरंदर तालुका मटार, अंजीर आणि सीताफळाचा. सगळा माल दिवे घाट उतरून गुलटेकडीला मार्केट यार्डात जायचा. हमाली, तोलाई, आडत कापून पट्टी हातात पडायची. मंदीत गाडीभाडंही सुटायचं नाही. २०१६ च्या जुलैत फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि बाजार समितीबाहेर थेट विकायची वाट मोकळी झाली. पण दीड एकरवाल्याशी मॉल बोलत नाही. त्याला रोज ठरलेलं वजन लागतं, तेही बारा महिने. म्हणून आम्ही काही घरांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढली. कायद्याने त्याला दहा शेतकरी पुरतात, आणि मत माणशी एकच, मग कोणाचे शेअर कितीही असोत.

पाकिटावर ‘सेंद्रिय’ छापायचं तर कागद हवा. निर्यातीला लागतं ते बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र आम्हाला परवडणारं नव्हतं. देशातल्या विक्रीला पीजीएस चालतं. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो: शेजारच्या रानातलं युरियाचं पाणी बांध ओलांडून येतं का, फवारणीचा पंप उसना आणलाय का, नोंदवही भरली आहे का. रूपांतराच्या काळात उतारा घटतो, शिक्का मात्र ‘पीजीएस ग्रीन’चाच, पुरतं सेंद्रिय त्यानंतर. त्या काळात जीवामृताच्या टाकीपेक्षा घरखर्चाची वही जास्त ढवळावी लागली.

आता तो पहाटेचा प्रसंग. आमच्या पडवीत बल्ब लावून घेवडा निवडत होतो. मॉलची मागणी ठरलेली: शेंग सरळ, बोटाएवढी, डाग नको, दाणा भरलेला नको. चुलत दिरांचे क्रेट उघडले. वर कोवळी शेंग, खाली वाकडी आणि जून. मी दोन क्रेट बाजूला ठेवले.

“वहिनी, औषध मारलं नाही हे कळायला एखादं भोक तरी पाहिजे की नाही शेंगेला?”

“भोक चालेल भाऊजी, जून शेंग नाही चालायची. एका क्रेटपायी सगळी गाडी परत येते.”

ते उठून गेले. जाऊबाई मात्र निवडत बसल्या, एक शब्द न बोलता. पुढचे काही दिवस दोन्ही घरांतलं बोलणं पोरांमार्फत चाललं. शेवटी कंपनीच्या बैठकीत मतं घेतली आणि ठरलं की नंबर दोनचा माल परत घरी न्यायचा नाही, तो पुण्यातल्या शेतकरी आठवडे बाजारात कंपनीच्याच टेबलावर विकायचा. तिथे गिऱ्हाईक वाकडी शेंगही खुशीने नेतं, मोडून बघतं आणि रोख देतं. भाऊजी आता त्याच टेबलावर बसतात. बोलघेवडा माणूस, विक्री चांगली करतो!

मॉलची दुसरी बाजूही सांगायला हवी. पालक ओला आहे म्हणून गोदामाच्या दारातून क्रेट परत येतात आणि तोवर यार्डातला लिलाव उरकलेला असतो. दुकानात सवलतीची पाटी लागली की आमचाही दर ओढायला बघतात. आणि पैसे महिन्याने. आडत्याला आम्ही लाख शिव्या घातल्या, पण पोरीच्या लग्नाला उचल तोच द्यायचा. मॉलच्या संगणकात उचल नावाचा रकाना नाही. हे पहिल्या दिवाळीत सगळ्यांना चांगलंच कळलं. मजुरांचे पैसे भागवायला तीन घरांतलं सोनं गहाण पडलं.

तरीही मॉल सोडावा असं मला वाटत नाही. आठवडाभर आधी दर कळतो, त्यावर लागवडीच्या तारखा बसवता येतात; यार्डात ही सोय कधीच नव्हती. फक्त निम्म्याहून जास्त माल आम्ही तिथे देत नाही.

नवा गट काढणारे आमच्याकडे बघायला येतात, त्यांना दोनच गोष्टी सांगते. कंपनीची पाटी रंगवण्याआधी दोन महिन्यांचं खेळतं भांडवल जमवा. आणि ग्रेडिंगच्या टेबलाशी भावकीबाहेरचा माणूस बसवा, त्याचा पगार जड वाटला तरी.