आईची कॅसेट आणि आमचे लिनक्स

आमच्या हरिशंकरपुरमच्या घरात जिन्याखाली एक पत्र्याची पेटी आहे. लष्करातील जुना वाडा सोडताना जे टाकवत नव्हते आणि ज्याचा उपयोगही नव्हता, ते सारे आम्ही तीत भरून आणले. आजोबांच्या मोडीतील खातेवह्या, चुलत्यांच्या लग्नातील छायाचित्रे, अकरा कॅसेटी. त्यांतील एकीवर आमच्याच तरुणपणीच्या अक्षरात ‘आई : ओव्या, श्रावण १९९०’ असे लिहिलेले आहे. आम्ही तेव्हा एम. ए.ला होतो. लोकगीते जमवून आणा, असे सरांनी सांगितले होते. गावोगाव हिंडण्याचा कंटाळा, म्हणून शेजारचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि आईलाच त्याच्यापुढे बसविले. आई २००३ साली गेली. त्यानंतर ती कॅसेट लावण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, आणि धैर्य झाले तेव्हा ती वाजविणारे यंत्र घरात उरले नव्हते.

या पेटीचा आणि संगणकाचा संबंध आला तो २०२५च्या दिवाळीत. ‘विंडोज १०’ या प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीने दिलेला नेहमीचा आधार त्या वर्षीच्या १४ ऑक्टोबरला संपला. आमचा संगणक २०१४ सालचा. पुढची ‘विंडोज ११’ ही प्रणाली इंटेलच्या आठव्या पिढीच्या अलीकडील यंत्रांवरच रीतसर चढते, आणि आमचे यंत्र त्या हिशेबाने पणजोबा. दुरुस्ती करणाऱ्याने आत डोकावून निकाल दिला, ‘‘मास्साब, इसमें ग्यारह नहीं चढ़ेगी. नया ले लो.’’ ज्या यंत्रावर दहा वर्षे निकालपत्रके केली, मुलाची प्रवेशपत्रे भरली, ते केवळ तारीख उलटली म्हणून भंगारात घालावयाचे, हे आमच्या शिक्षकी मनास पटेना.

आमचा एक माजी विद्यार्थी गल्लीतच राहतो, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, ‘‘सर, लिनक्स डाल देते हैं.’’ आम्ही हे नाव ऐकून होतो. केरळातील सरकारी शाळांतून याच जातीची प्रणाली कित्येक वर्षे चालते, हेही वाचले होते. परंतु आपल्या घरी ती चालेल, असे कधी मनात आले नव्हते. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली हौस म्हणून तिचा गाभा लिहिला आणि जगाला पाहण्यास व बदलण्यास मोकळा ठेवला. त्यापूर्वी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी अशा मोकळ्या कार्यप्रणालीची चळवळ आरंभिली होती. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन्ही अर्थ येतात, म्हणून त्या गृहस्थांना आपला आशय समजावून सांगण्यात आयुष्यभर श्रम पडले. मराठी येत असती तर एवढा त्रास झाला नसता! असो.

या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळी घरे बांधली आहेत. त्यांतील ‘लिनक्स मिंट’ हे घर त्या मुलाने आमच्यासाठी निवडले, आणि त्यातही जुन्या यंत्राला झेपेल अशी ‘एक्सएफसीई’ नावाची हलकी आवृत्ती. आधी ती पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखविली. मूळ संगणकातील काहीही न पुसता, दोन दिवस राहून पाहावे आणि मग बिऱ्हाड न्यावे, अशी ही सोय आम्हांस फार आवडली. तीन दिवसांनी बिऱ्हाड नेले. जुने सर्व कागद तत्पूर्वी वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले होते, हे नव्याने या वाटेला जाणाऱ्यांनी विसरू नये.

खरी पंचाईत पुढे. या प्रणालीत ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ नावाचे एक भांडारच आहे. गाणी ऐकण्यासाठी काय आहे, म्हणून आम्ही तेथे विचारणा केली, तर पडदाभर नावे आली. एकाला तारे जास्त, दुसऱ्याची स्तुती मोठी, तिसरे दिसावयास देखणे. आम्ही चार दिवसांत एकामागून एक सात चढविली आणि उतरविली; गाणे मात्र एकही पुरते ऐकले नाही. सौ. हे पाहत होती. ती म्हणाली, ‘‘अहो, पाटणकर बाजारात साडी घ्यायला गेलं की दुकानदार पन्नास साड्या उलगडतो. कुणासाठी, कोणत्या कार्याला, हे आपण सांगितलं नाही तर तो तरी काय करील? तुम्हाला काम काय आहे, ते आधी लिहून काढा.’’

आम्ही मुकाट्याने पाठकोऱ्या कागदावर लिहिले. मराठी टंकलेखन. शाळेचे तक्ते. सौ.ला कीर्तने आणि जुनी नाटके पाहावयाची. आजोबांच्या वह्यांची चित्रे घेऊन ठेवावयाची. आणि शेवटी, थोडे थांबून, आईची कॅसेट.

कागद समोर असल्यावर निवड फारशी अवघड राहिली नाही. पाहण्या-ऐकण्यासाठी ‘व्हीएलसी’ घेतले. मिंट चढविताना ‘मल्टिमीडिया कोडेक हवेत काय’ अशी एक चौकट येते. नसती भानगड नको म्हणून आम्ही ती रिकामी सोडली होती, आणि त्यामुळे सौ.ची निम्मी नाटके मुकी झाली होती. व्हीएलसी आपली शिदोरी आपल्याबरोबरच आणते, तिला ती सर्व उघडली. १९९६ साली पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तिला आरंभ केला. रस्त्यावर मांडतात तसला नारिंगी शंकू तिचे चिन्ह आहे. त्या मुलांच्या मंडळाने असले शंकू गोळा करून आणले होते म्हणतात. हे ऐकून आम्हांस आमच्या शाळेतील काही चिरंजीवांची आठवण झाली.

शाळेच्या तक्त्यांसाठी ‘लिब्रेऑफिस’ मिंटबरोबरच आले. ते बहुतेक सर्व करते. तथापि वरून येणारे काही तक्ते असे विचित्र बांधलेले असतात की त्यांची गणिते येथे चालत नाहीत. तेवढ्यासाठी आम्ही शाळेतील यंत्रच वापरतो. आजोबांच्या वह्यांसाठी स्कॅनरबरोबर चालणारा साधा कार्यक्रम पुरला. छायाचित्रांच्या कडा कापण्यासाठी आम्ही प्रथम ‘गिम्प’ उतरविले होते. ते म्हणजे भाजी चिरण्यास सुताराची पेटी! ‘पिक्स’ नावाच्या लहानशा साधनाने ते काम झाले.

मराठी टंकलेखनाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण येथील मराठी माणसाचे ते जुने दुखणे आहे. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर वर्षानुवर्षे हिंदी टंकलेखकाच्या दुकानात जाई आणि ‘टिळक’ तेथून ‘टिलक’ होऊन परत येत. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र तर त्या बिचाऱ्यांना भुतासारखा भासे. मिंटमध्ये कळफलकांच्या यादीत भारताखाली मराठी इनस्क्रिप्ट आहे. ती निवडली की झाले. ल ज्या कळीवर, तिच्यावरच शिफ्ट दाबले की ळ. र ज्या कळीवर, तिच्यावर शिफ्ट दाबले की खाली टिंब असलेला ऱ. त्याला हलन्त जोडून पुढे य दिला की ‘ऱ्य’ उमटतो. पन्नाशी उलटल्यावर बोटांना नवी वाट शिकविण्यास आम्हांस महिना लागला. हा लेख त्याच कळफलकावर लिहिला आहे आणि त्यातील ळ कोणीही तपासून पाहावा.

आता कॅसेट. त्यासाठी ‘ऑडॅसिटी’ घेतली. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी तिचा आरंभ केला. ध्वनी घेणे, कापणे, जोडणे, स्वच्छ करणे ही सर्व कामे ती करते. कॅसेट वाजविण्यासाठी एका परिचितांचा जुना डेक आणला, त्याचा रबरी पट्टा बदलून घेतला, ध्वनिशीर्ष स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, कॅसेटची फीत पेन्सिलीने हलक्या हाताने एकदा पुढे-मागे फिरविली. डेकपासून संगणकाच्या मागील निळ्या भोकापर्यंत तार जोडली. आधी आमची छाती होईना, म्हणून नाट्यगीतांची एक कॅसेट लावून पाहिली. पडद्यावर लहरी उमटत होत्या, आम्ही कृतार्थ होऊन अर्धा तास बसलो. नंतर ऐकले तर कुकरच्या चार शिट्ट्या, दारावरचा भाजीवाला आणि ‘‘यांचं आज काय चाललंय कोण जाणे’’ हे सौ.चे वाक्य! संगणक तारेतून न ऐकता कॅमेऱ्यातील ध्वनिग्राहकातून ऐकत होता. ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ या छोट्या साधनातून ‘लाइन इन’ निवडल्यावर तो सुधारला. आवाजाची रेघ लाल पट्ट्यास लागू देऊ नये, हे त्या मुलाने दोनदा बजावले. एकदा फाटलेला आवाज पुढे शिवता येत नाही.

रविवारी सकाळी आईची कॅसेट लावली. पस्तीस वर्षांनी तो आवाज घरात आला. सौ. हात पुसत येऊन दाराशीच उभी राहिली. आई आधी लाजत होती, मग गळा मोकळा झाला. ओव्या पुष्कळशा तिच्या आत्येसासूकडून आलेल्या, आणि मध्येच ‘हे आमच्याकडे असं म्हणत नाहीत, हे लष्करातलं आहे’ अशी तिची टीप.

अर्ध्या तासाची एक बाजू; तिची मूळ नोंद तीनशे मेगाबाइटांच्या आसपास झाली. फितीची खरखर फार होती. ऑडॅसिटीत खरखर कमी करण्याची युक्ती आहे. जेथे नुसती खरखरच आहे असा क्षणभराचा तुकडा तिला दाखवावयाचा, मग तिच्यासारखे जे जे असेल ते ती सगळीकडून काढते. आम्ही उत्साहाने आकडा वाढवीत गेलो. खरखर नाहीशी झाली. पण आई हंड्यात तोंड घालून बोलू लागली. पुन्हा कान देऊन ऐकले तेव्हा ध्यानात आले की ओव्यांच्या मागे वाड्याच्या भिंतीवरचे घड्याळ होते, खालून गेलेल्या टांग्याची घुंगरे होती, आणि ओवीच्या शेवटी आई श्वास घेत होती. त्यांतील बरेचसे आम्ही खरखरीबरोबर झाडून टाकले होते. सर्व मागे घेतले. मूळ नोंद तशीच ‘फ्लॅक’ या, काहीही न गमावणाऱ्या, रूपात ठेवली. ऐकण्यासाठी वेगळी प्रत केली आणि तीत केवळ सहा डेसिबलवर थांबलो.

मग कॅसेट उलटी केली. ‘आदरणीय प्राचार्य महोदय, उपस्थित अभिभावकगण...’ असा एक तरुण, खणखणीत आवाज येऊ लागला. क्षणभर आम्हांस ओळख पटली नाही. विषय होता राष्ट्रनिर्माणात शिक्षकाची भूमिका.

थांबवून आम्ही कॅसेट हातात घेतली. नोंदीवर पुन्हा नोंद होऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवर दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की फीत सुरक्षित. आम्ही १९९०त त्या आठवणीने मोडल्या होत्या. त्यांतील एका भोकावर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. ती लावणारे हातही आमचेच. १९९६चा वार्षिकोत्सव, नवी नोकरी, रात्री उशिरा भाषणाची तालीम, कोरी कॅसेट घरात नाही. आई तर समोर जिवंत, पुन्हा केव्हाही गाईल. असाच काहीसा विचार असावा. आता तोही नीट आठवत नाही.

आम्ही त्या मुलास बोलावून विचारले, याखालचे काढता येईल असे काही तुझ्या भांडारात आहे काय? त्याने आमच्याकडे पाहिले आणि नम्रपणे सांगितले, ‘‘नहीं सर. नया भरते समय मशीन पहले पुराना मिटाती है. नीचे कुछ बचता ही नहीं.’’

तरी ती बाजू पुरती नोंदवावी म्हणून आम्ही यंत्र तसेच चालू ठेवले. आपलेच भाषण ऐकणे ही मोठी शिक्षा आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना पूर्वीच ठाऊक असावे. पंचविसाव्या मिनिटाला ते संपले, खट् असा आवाज झाला, आणि एका ओवीच्या अर्ध्या शब्दापासून आई सुरू झाली. पावणेपाच मिनिटे. शेवटी ती म्हणते, ‘‘झालं का रे तुझं? दूध वर आलं असेल.’’ मग फीत संपते.

दोन्ही बाजूंची प्रत इंदूरला ताईकडे पाठविली; दुसऱ्या बाजूतील भाषण आम्ही कापून टाकले होते. संध्याकाळी तिचा फोन आला. बराच वेळ ती बोलली नाही, मग म्हणाली, ‘‘दुसऱ्या बाजूला एवढंच होतं का रे?’’ आम्ही ‘‘एवढंच’’ म्हणालो. हा अंक तिच्या घरीही जातो.