अब्रू आणि अपराध

बाईची अब्रू म्हणजे काचेचे भांडे, हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजतेने उच्चारले जाते की त्यातील अन्याय कानाला जाणवतच नाही. ‘अब्रू’ हा फारसीतून आलेला शब्द. चेहऱ्यावरचे पाणी, म्हणजे तेज, हा त्याचा मूळ अर्थ. ‘अब्रू लुटली’ असे आपण म्हणतो तेव्हा गुन्हा पुरुषाचा असतो आणि तोंड लपवण्याची पाळी मात्र स्त्रीवर येते. ‘बलात्कार’ हा शब्द निदान कर्त्याच्या कृतीकडे बोट दाखवतो. पण तो घरात कोणी उच्चारत नाही. ‘अतिप्रसंग’, ‘काहीतरी वाईट झाले’ अशा आडपडद्यांनी काम भागवले जाते. शब्दांचे अर्थ लावण्यात आयुष्य गेलेल्या मला हा प्रश्न केवळ भाषेचा वाटत नाही. ज्या गोष्टीला नाव नाही, तिच्यासाठी मदत कशी मागावी?

मी राहते त्या दुर्गहून नागपूरच्या दिशेने निघाले की गोंदिया लागते. तेथून चंद्रपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वडसा-देसाईगंज आहे. हा भाग आज गडचिरोली जिल्ह्यात मोडतो, पूर्वी तो चंद्रपूरमध्ये होता. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एका पोरक्या, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर पोलिसानेच बलात्कार केल्याची तक्रार झाली. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भयापोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, असे मानून त्यांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली : मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. रात्र, गणवेश आणि ठाण्याचे दार हेही ‘बल’च आहे, हे त्या निवाड्याला दिसले नाही.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पुढल्या वर्षी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेचे नाव छापणे गुन्हा झाले. निवाड्यांच्या ग्रंथात या खटल्याचे शीर्षक आरोपी हवालदाराच्या नावाने आहे. लोकांच्या तोंडी मात्र तो मुलीच्या नावाने राहिला. मी ते नाव येथे लिहीत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने, शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हेही कायद्यात स्पष्ट झाले.

कायदा इतका पुढे आला. घराचा उंबरठा मात्र तेथेच आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे या परिसरात वसलेल्या मराठी घरांतही ‘घरची गोष्ट घरात’ हाच पहिला सल्ला असतो. त्या घरांना ठाऊक असावे असे पुष्कळ आहे. घटना कोठेही घडलेली असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. ती नोंदवण्यास नकार देणे हा पोलिसाचा गुन्हा आहे. सरकारी असो वा खाजगी, रुग्णालयाने तात्काळ आणि विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. त्या वेळचे कपडे न धुता कागदात गुंडाळून ठेवावेत. पण स्नान झाले, कपडे धुतले गेले, दिवस उलटले, म्हणून दार बंद होत नाही. स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे दूरध्वनी आहेत. उपचार, समुपदेशन, कायदेविषयक साहाय्य आणि तात्पुरता निवारा एका छताखाली देणाऱ्या ‘सखी’ केंद्रांची सुरुवात २०१५ मध्ये शेजारच्या रायपूरलाच झाली.

पण ठाणे, रुग्णालय आणि केंद्र यांच्या आधी एक ऐकणारा असतो : आई, वहिनी, शेजारीण, शिक्षिका. ‘तू तेथे का गेलीस?’ हा त्याचा पहिला प्रश्न असला, तर पुढची सारी दारे उघडी असूनही मुलगी परत फिरते. ‘तुझ्यावर माझा विश्वास आहे, तुझा दोष नाही’, एवढी दोन वाक्ये कोणालाही बोलता येतील. मराठीत त्यांसाठी शब्दांची वाण नाही. अब्रू जायची असेल तर ती अपराध्याची जावी, हे आपल्या भाषेने आता शिकले पाहिजे.