चढणीचे मासे

मृगाचा पाऊस दणकून कोसळला, की दारव्हा तालुक्यातून वाहणाऱ्या अडाण नदीचे पाणी गढूळ होते, ओढेनाले खळाळू लागतात आणि मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. लोक त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात.

ही त्यांची हौस नव्हे. पुराने बुडालेल्या उथळ जागी पिलांना अन्न विपुल मिळते आणि मोठे वैरी थोडे असतात. रोहूची एक मादी लाखो अंडी घालते. ती दिवसाभरात फुटतात. पाणी ओसरू लागले, की पिले नदीकडे वळतात. दूर उत्तरेकडील सॅल्मन मासाही समुद्रातून आपल्या जन्मनदीत असाच चढतो. त्याच्या पॅसिफिक महासागरातील जाती बहुतेक एकदाच अंडी घालून मरतात. आपले मासे मात्र पुढील वर्षी पुन्हा चढतात. पण कोणी चढू दिले तर!

कारण याच वेळी अरुंद नाल्याच्या तोंडाशी जाळे लावणे सर्वांत सोपे असते. अंड्यांनी भरलेली एक मादी टोपलीत पडली, की तिच्याबरोबर न जन्मलेला सारा गोतावळाही पडतो. भुकेल्याला मासा हवा, हे खरे. परंतु बियाणेच दळून खाणारा शेतकरी पुढल्या मृगात काय पेरणार?