जागच्या जागी

आमच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे. फक्त वस्तू त्या जागी नसते. कात्रीची जागा स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर. माझं लग्न झालं त्याच्याही आधीपासून तो खिळा तिथे आहे आणि इतका मोकळा असतो, की एकदा एका पाहुण्यांनी त्याला आपली टोपी अडकवली होती. पण ‘कात्री कुठे आहे?’ असं कोणीही विचारावं, घरातली चारही माणसं एका सुरात ‘खिळ्यावर!’ म्हणून ओरडतात. मी यालाच व्यवस्थितपणा म्हणते. वस्तू हरवली तर हरवू दे, ती कुठे असायला हवी होती याबद्दल घरात एकमत पाहिजे.

सकाळी पावणेसहा ते पावणेआठ या वेळात मात्र हे एकमत फार महागात पडतं. डोंबिवलीहून आठ-बाराची लोकल पकडायची म्हणजे त्याआधी तीन डबे, एक कुकर, पाण्याच्या बाटल्या आणि दोन माणसांचा शोध एवढं उरकावं लागतं. एक माणूस म्हणजे आमची कन्या. ती अंथरुणात सापडते. दुसरे हे. हे सापडलेलेच असतात, पण त्यांचं काहीतरी हरवलेलं असतं. ‘अगं, माझा रुमाल?’ ‘अहो, तुमच्या हातात!’ काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्याने कोणी रचली, त्याला नक्की आठ-बाराची गाडी पकडायची असणार.

गाडीत एकदा बूड टेकलं, की संसाराचा दुसरा अंक सुरू होतो. आमचा लेडीज डबा म्हणजे गृहव्यवस्थेचं चालतं विद्यापीठ. ठाणे येईपर्यंत मटार सोलून होतात, घाटकोपरला कोथिंबीर निवडून होते, आणि दादरला उतरणाऱ्या बाईंकडून चिंचेचा कोळ आठवडाभर कसा टिकवायचा याची कृती मिळते. रविवारी नारळ खवून, आलं-लसणाचं वाटण करून आणि लसूण सोलून ठेवला तर सोमवार ते गुरुवार निभतात, हे शास्त्र मी तिथेच शिकले. शुक्रवारचं काय करायचं, ते अजून कोणालाच सुचलेलं नाही. शुक्रवारी खिचडी.

घर कसं आवरावं यावर पुस्तकंही असतात म्हणे. म्हणे कशाला, आहेतच. भाचीने मला एक भेट दिलं. मारी कोंडो नावाच्या जपानी बाईंचं. २०१४ साली इंग्रजीत आलं आणि जगभर लोक कपाटं उपसायला लागले. बाईंचं सांगणं सोपं आहे : एकेक वस्तू हातात घ्या, आणि तिच्यामुळे मनाला आनंद होत असेल तरच ठेवा. मी एका रविवारी प्रामाणिकपणे सुरुवात केली. पहिल्यांदा हातात आलं केशरी रेशनकार्ड. आनंद? रेशनकार्ड हातात घेऊन आनंद झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मग लाइट बिलांची फाईल, कुकरची जुनी रिंग, ह्यांची लग्नातली सफारी आणि पिशव्यांची पिशवी.

या पिशव्यांच्या पिशवीबद्दल थोडं सांगायलाच हवं. जपानात ती नसावी, नाहीतर कोंडोबाईंनी वेगळं प्रकरण लिहिलं असतं. २०१८ साली सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो. कसचं काय! आता तिच्यात कापडी पिशव्या भरल्यात. लग्नामुंजीत मिळालेल्या, साड्यांच्या दुकानातल्या, निवडणुकीला उभे राहून पडलेल्या उमेदवारांच्या. एवढं असून भाजीला जाताना पिशवी म्हणून सापडत नाही, ती गोष्ट वेगळी. याच कोंडोबाईंनी २०२३ साली जाहीरपणे सांगून टाकलं, की तिसऱ्या मुलानंतर आपलंही घर काही पूर्वीसारखं आवरलेलं नसतं. ही बातमी वाचून मात्र मला निखळ आनंद झाला. म्हणून ते पुस्तक मी ठेवलं आहे.

आणि खरं सांगू का, आपल्याला बाहेरून शिकायची गरजही नव्हती. समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास चक्क लिहिण्याच्या कामासाठी दिला आहे. अक्षर कसं काढावं, ओळींत अंतर कसं राखावं, बोरू कसे निवडावेत, इथपासून पोथी कशी जपावी इथपर्यंत. चाफळ-सज्जनगडची धावपळ, मठांचा पसारा आणि त्यात या माणसाला बोरूची काळजी! माझ्याकडे फोनजवळ ठेवलेलं पेन तीन दिवस टिकत नाही.

आमच्या घरातले समर्थ म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही सगळे त्यांना आई म्हणतो. वय त्र्याऐंशी, उंची चार फूट दहा इंच, आणि टापटीप अशी की माळ्यावरच्या ट्रंकेतसुद्धा कपड्यांच्या घड्या कडेला कड लावून. मिसळणाचा डबा दर रविवारी सकाळी त्याच भरणार. सात वाट्या : मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथ्या, धणेपूड आणि हिंग. वाट्यांचा क्रम ठरलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा त्यांनी मला अंधारात डबा उघडून फोडणी करून दाखवली होती. दिवे गेले होते, पण प्रात्यक्षिक मुद्दामच.

त्यांचं दुसरं शस्त्र कालनिर्णय. ते १९७३ साली निघालं. लोक त्यात चतुर्थी बघतात, आमच्याकडे त्यात संसार मांडलेला असतो. दुधाचा रतीब, कामवालीचे खाडे, इस्त्रीला गेलेले कपडे, सिलिंडर कधी लावला आणि किती दिवस पुरला. तिथी वाचायला जागा उरत नाही. वर्ष संपलं की कॅलेंडरची सुरळी करून माळ्यावर. १९७९ पासूनच्या सुरळ्या आहेत. एकदा फ्रिज कोणत्या वर्षी घेतला यावरून ह्यांचा आणि धाकट्या दिरांचा वाद पेटला, तर आईंनी बसल्या जागेवरून ‘वरची डावीकडून चौथी सुरळी काढ’ असं सांगितलं. काढली. ‘फ्रिज आला. पेढे अर्धा किलो.’ सरकारी दप्तरात अशी शोध घेण्याची सोय असती तर निम्मी कोर्टं बंद पडली असती.

याच कॅलेंडरमुळे आम्हाला ते कळलं.

दोन वर्षांपूर्वी महिनाअखेरीला मी दुधाचा हिशेब करायला बसले, तर एका मंगळवारच्या चौकोनात ‘अर्धा लिटर’ चार वेळा लिहिलेलं. चारही वेळा त्याच सुबक अक्षरात. पुढच्या आठवड्यात एक दिवस तीन वेळा. दूधवाला भला माणूस, त्याने एकदाचेच पैसे घेतले. मी ते पान ह्यांना दाखवलं. हे बराच वेळ बघत बसले, आणि मग म्हणाले, ‘पेन चालत नसेल, म्हणून गिरवलं असेल.’ पेन चांगलं चालत होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. या आजारात ताजी आठवण आधी जाते, जुनी बराच काळ टिकते. गोळ्या दिल्या, आणि त्यांच्याबरोबर जी पथ्यं सांगितली ती ऐकून मी खुर्चीत सावरूनच बसले : घरातल्या वस्तूंच्या जागा बदलू नका, डब्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावा, दिवसाचा क्रम ठरावीक ठेवा. म्हणजे जन्मभर त्या आम्हाला जे सांगत होत्या, ते आता डॉक्टरांच्या सहीने आलं होतं.

मग सुरू झाली हरवाहरवी. आधी आमच्या वस्तू हरवत त्या आमच्या आळसाने, त्यांना काही पद्धत नव्हती. आईंनी ठेवलेल्या वस्तू मात्र अगदी शिस्तीत भलत्या जागी असत. मिठाची बरणी बाथरूमच्या खिडकीत. किल्ल्या चपलांच्या कपाटात. चष्मा तांदळाच्या डब्याच्या झाकणावर, तोही नीट घडी करून. आठ-बाराची गाडी गाठायची असताना मीठ बाथरूममध्ये शोधायचं हे कोणाच्या डोक्यात येणार? त्या दिवसांत आम्ही बरीच अळणी आमटी जेवलो. एकदा तर दूध गॅसवर तसंच राहून पातेल्याचा कोळसा झाला. तेव्हापासून आम्ही बाहेर पडताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करतो, आणि दुपारी आईंच्या सोबतीला एक बाई येतात.

कोडं सुटलं ते ह्यांच्यामुळे. (लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे.) एका रात्री मिठाची बरणी हातात धरून हे बाथरूमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘अगं, ही मोरी आहे!’ मला वाटलं, आता ह्यांचंही सुरू झालं.

पण तसं नव्हतं. १९९१ साली ही मंडळी डोंबिवलीला आली, त्याआधी गिरगावात चाळीत राहायची. मी ती जागा कधी पाहिली नाही. ह्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे तिचा नकाशा काढून दाखवला. दहा बाय बाराची स्वयंपाकाची खोली. ओट्याच्या डाव्या हाताला मोरी, मोरीवर कोनाडा, कोनाड्यात मीठ. दाराशी चपला, चपलांच्या वर किल्ल्यांचा खिळा. खिडकीखाली तांदळाचा डबा, त्यावर बसून आई दुपारी पेपर वाचायच्या आणि उठताना चष्मा झाकणावर ठेवायच्या. डोंबिवलीच्या ओट्याच्या डाव्या हाताला बाथरूमचं दार आहे. आई काहीही हरवत नव्हत्या. सगळं जागच्या जागी ठेवत होत्या, फक्त ती जागा गिरगावात होती.

त्यानंतर आमची शोधाशोध एकदम सोपी झाली. काही सापडेनासं झालं की ह्यांना हाक मारायची, ‘अहो, गिरगावात सांडशी कुठे असायची?’ हे डोळे मिटून सांगतात, ‘मोरीच्या नळाला.’ पुढच्या मिनिटाला सांडशी हजर. पुढच्याच महिन्यात आम्ही सुतार बोलावला. बाथरूमच्या दाराअलीकडे एक छोटी फळी ठोकली, ती मिठाची. चपलांच्या कपाटावर किल्ल्यांचा खिळा. चहा-साखर उजवीकडून डावीकडे गेली. तांदळाचा डबा खिडकीखाली आला. एक नातेवाईक घरांच्या सजावटीची कामं घेतात. ते येऊन बघून गेले आणि म्हणाले, ‘वहिनी, याच्यात काही प्लॅनिंग नाही हो!’ मी त्यांना तो नकाशा दाखवला नाही. चहा मात्र केला, आणि सवयीने तीन वेळा उजवीकडे हात घालून मग डावीकडून साखर काढली. आमच्या स्वयंपाकघरात मी सध्या पाहुणी आहे.

चिठ्ठ्यांचं काम कन्येकडे दिलं. ती इंग्रजी शाळेत शिकलेली. तिने रंगीत कागदांवर झोकात लिहिलं : ‘मिठ’, ‘जीरे’, ‘पिठ’. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी आलो, तर प्रत्येक चिठ्ठीवर लाल पेन्सिल चाललेली. मीठ दीर्घ झालेलं, जिरे ऱ्हस्व, पीठ दीर्घ. गिरगावातल्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या आईंना त्या दिवशी सकाळी आपण न्याहारी केली की नाही ते आठवत नव्हतं. वेलांटी आठवत होती. कन्या म्हणाली, ‘आजी, दहापैकी किती?’ आई म्हणाल्या, ‘चार. आणि अक्षर सुधार.’

दिवस बरे-वाईट येतात. काही दिवस मला त्या माझ्या नावाने हाक मारतात, काही दिवस त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने. दोन्ही हाकांना मी ओ देते, सकाळच्या घाईत चौकशी करत बसायला वेळ कुठे असतो! लेडीज डब्यात मी हे सांगितलं, तेव्हा समजलं की आमच्या बाकावरच्या आणखी दोघींच्या घरी हेच आहे. मटार सोलता सोलता बऱ्याच युक्त्या कळल्या. गोळ्यांसाठी सात खणांची डबी घ्या, हीसुद्धा तिथलीच. रविवार ते शनिवार, प्रत्येक खणावर वाराचं अक्षर.

ही डबी कन्या भरते, रविवारी सकाळी, आई मिसळणाचा डबा भरतात त्याच वेळी. दोघी जमिनीवर समोरासमोर बसतात. एकीपुढे सात वाट्या, दुसरीपुढे सात खण. आई त्या डबीला ‘तुझा मिसळणाचा डबा’ म्हणतात, आणि ती कोणी दुरुस्तही करत नाही. परवा कन्येने डबी भरून झाकण लावलं, तर आई हातातली हळद थांबवून म्हणाल्या, ‘हिंग राहिला तुझा.’

‘आजी, ह्या गोळ्या आहेत. यात हिंग नसतो.’

‘नसेना का. शेवटची वाटी रिकामी आहे.’

कन्येने झाकण उघडलं. शनिवारचा खण खरंच रिकामा होता. तिने मुकाट्याने गोळी घातली, आणि आईंनी डबी ओढून घेऊन सातही खणांवरून एकदा बोट फिरवलं, मग झाकण स्वतः लावलं.