मागची भिंत

रायफलीचा दस्ता आणि तिचा पोलादी भाग दोन-तीन स्क्रूंनी एकत्र राहतात. पण गोळी सुटल्यावर मागे येणारा धक्का त्या स्क्रूंनी सोसायचा नसतो. त्यासाठी रिसीव्हरच्या, म्हणजे नळी ज्यात बसते त्या पोलादी भागाच्या, पुढच्या टोकाखाली एक आखूड पोलादी दात असतो, त्याला रिकॉइल लग म्हणतात. दस्त्यात त्याच्या मापाची आडवी खाच कोरलेली असते. या खाचेची मागची भिंत सगळा धक्का घेते. पुढची भिंत, दोन्ही बाजू आणि तळ यांनी लगला जागा द्यायची, एवढेच.

शिकारीसाठी जगभर चालणारे .३०-०६ काडतूस घेतले, तर साडेतीन किलोच्या आसपास वजनाची रायफल सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने मागे येते. आकडा किरकोळ वाटतो, पण हा वेग तिला एक-दोन सहस्रांश सेकंदांत गाठावा लागतो. आधी हलतात नळी आणि रिसीव्हर. किलोभर वजनाच्या दस्त्याला ते लगच्या जोरावर बरोबर नेतात. त्या क्षणी लगच्या मागच्या अंगावर काही शेकडो किलोंचा भार येतो. लाकूड तंतूंच्या दिशेने दाबले तर पुष्कळ सोसते, आडवे दाबले तर लवकर दबते. म्हणून दस्त्याची फळी निवडताना लगच्या जागी आणि मुठीपाशी तंतू लांबीला धरून राहतील असे पाहतात. नक्षीदार रेषांचे अक्रोड दिसायला देखणे असते. ती नक्षी दस्त्याच्या मागच्या, रुंद भागात शोभते, लगच्या मागे नव्हे.

जर्मनीच्या माउझर रायफलीत, १८९८ च्या रचनेत, लग रिसीव्हरच्याच अंगचा आहे आणि पुढचा स्क्रू त्याच्यातच जातो. लष्करी दस्त्यात खाचेच्या मागून आरपार पोलादी आडवा बोल्ट घातलेला असे, म्हणजे लाकडाच्या जोडीला पोलादही धक्का घेई. ब्रिटिशांच्या ली-एनफिल्डने दुसरी वाट धरली. तिच्यात असा दात नाही. पुढच्या दस्त्याच्या मागच्या टोकाला, चापाच्या दोन्ही अंगांना असलेली दोन लहान लाकडी पृष्ठे धक्का घेतात. ती दबली की नेम बिघडतो, पुढे लाकूड चिरते. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याला स्थानिक, मऊ लाकूड वापरावे लागले तेव्हा त्या पृष्ठांवर तांब्याच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने पुढच्या दस्त्यातून आडवा स्क्रू घालून लाकूड आवळून टाकले, आणि जुन्या रायफली जमवणारे आजही त्या स्क्रूवरून ईशापूरचा दस्ता ओळखतात. महाराष्ट्रात पोलीस शिपायाच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ याच घराण्यातली.

जुन्या लगच्या जागी जाड लग घालायचा आणि त्यासाठी दस्ता कोरायचा, हा प्रश्न मात्र मुख्यतः अमेरिकेतल्या रेमिंग्टन मॉडेल ७०० चा. १९६२ मध्ये आलेल्या या रायफलीचा रिसीव्हर गोल नळकांड्यासारखा आहे, म्हणजे लेथवर स्वस्तात होणारा. त्याच्या अंगचाच दात ठेवला असता तर ती काटकसर वाया गेली असती. म्हणून लग सुटा ठेवला: मध्ये भोक असलेली आणि खालच्या बाजूने लांबवलेली पोलादी चकती. नळीचा खांदा आणि रिसीव्हरचे तोंड यांच्यामध्ये ती चिमटली जाते. कारखान्यातून येणारा लग साधारण ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिलिमीटर जाड असतो. बाजारात वेगळे मिळणारे लग पाव इंच (६.३५ मिलिमीटर) किंवा ५/१६ इंच (७.९४ मिलिमीटर) जाडीचे असतात.

असा लग रायफलीच्या आयुष्यात सहसा नळी बदलताना येतो. अक्रोडाचा दस्ता नीट सांभाळला तर दोन-तीन पिढ्या टिकतो, नळी तेवढी टिकत नाही. जळत्या दारूच्या वायूने चेंबरच्या, म्हणजे काडतुसाच्या घराच्या, पुढचा भाग झिजत जातो आणि काडतुसाच्या ताकदीप्रमाणे हजार-दोन हजार किंवा आणखी काही हजार गोळ्यांनंतर नवी नळी लागते. बापाने घेतलेली रायफल मुलाच्या हाती येते तेव्हा रिसीव्हर तोच, दस्ता तोच आणि नळी दुसरी, असे पुष्कळदा घडते. जुनी नळी निघाली की लग आपोआप सुटतो, आणि जाड लग घालायचा विचार तेव्हाच पुढे येतो.

या विचारामागे बरेचदा एक चुकीची समजूत असते. लग जाड केल्याने दस्त्यावर टेकणारे क्षेत्र वाढत नाही. ते वाढते रुंदीने आणि खोलीने. जाडीचा फायदा इतकाच, की लग वाकत नाही. खरा लाभ ग्राइंडिंगमधून येतो: चांगल्या लगच्या दोन्ही बाजू अगदी समांतर असतात, त्यामुळे नळी रिसीव्हरशी काटकोनात बसते. लक्ष्यावर शंभर गोळ्या एका भोकाजवळ टाकू पाहणाऱ्याला या गोष्टीची किंमत आहे. वर्षाकाठी चार हरणांवर नेम धरणाऱ्या शिकाऱ्याला जुना लग पुरतो.

जाड लग ही नुसती सुतारकामाची बाब नाही. नळीचा खांदा लगवर टेकत असल्याने लग दीड मिलिमीटर जाड झाला की नळीही तेवढीच पुढे सरकते आणि काडतूस चेंबरमध्ये सैल पडते. काडतुसाला मागून अडवणाऱ्या बोल्टचे तोंड आणि काडतुसाची बैठक यांतले हे अंतर, म्हणजे हेडस्पेस, मिलिमीटरच्या शतांशांत सांभाळायचे असते. तिथे दीड मिलिमीटरची ढिलाई म्हणजे पितळी पुंगळी फाटून तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडावर येण्याचा धोका. म्हणून नळीचा आट्यांचा भाग नव्या मापाने लेथवर कापून गेजने तपासावा लागतो, आणि ते काम बंदूक-कारागिराचेच. नळी आवळताना लग तिरका फिरू नये म्हणून तो साच्यात धरतात किंवा पिनेने बांधतात. तिरका लग दस्त्यात कधीच सरळ बसत नाही.

दस्त्याची पाळी यानंतर येते. लगची मागची बाजू रिसीव्हरच्या तोंडाला टेकलेली असते आणि रिसीव्हरची जागा स्क्रूंनी ठरलेली असते. त्यामुळे वाढलेली सगळी जाडी पुढे, नळीच्या दिशेने जाते. खाच रुंद करायची ती पुढच्या भिंतीतून. मागची भिंत कोरली, तर लगच्या मागे पोकळी राहते, धक्का स्क्रूंवर आणि रिसीव्हरच्या मागच्या शेपटीवर येतो, आणि ती शेपटी पाचरीसारखी मुठीत घुसून लाकूड उभे चिरते. जाणकार कारागीर शेपटीच्या मागे मुद्दाम केसभर फट ठेवतात ती याच कारणाने. मुठीवर चीर गेलेल्या जुन्या दस्त्यांत दोष बहुधा पुढे, लगच्या खाचेत सापडतो.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून पोलादी भाग दस्त्यातून वेगळा केला, की लगची जाडी, रुंदी आणि खोली व्हर्नियरने मोजायची. पुढच्या भिंतीवर नव्या कडेची रेघ धारदार सुरीने कापून घेतली, तर पटाशी चालवताना वरचे तंतू उसवत नाहीत. नंतर अरुंद पटाशीने पातळ ढलप्या काढत खाली जायचे. मिलिंग मशीन असेल तर काम तासाभराचे. पण तिथेही दस्ता समपातळीत धरणे हेच अर्धे काम. मधून मधून लगला तेलात कालवलेली काजळी लावून तो खाचेत दाबतात. जिथे काळा डाग उठेल तिथे लाकूड अजून अडते आहे. काजळीऐवजी काही कारागीर लिपस्टिक वापरतात, आणि ती डाग अधिक ठळक उठवते.

निव्वळ लाकडावर थांबणे शक्य आहे, आणि जुन्या काळी सगळे तिथेच थांबत. आता बहुतेक जण पोलादाची भुकटी मिसळलेल्या इपॉक्सीने खाच पक्की करतात. त्यासाठी मागच्या भिंतीचाही थोडा पापुद्रा काढावा लागतो, कारण ती भिंत इपॉक्सी नव्याने उभी करते. मात्र रिसीव्हर स्क्रूंच्या जागी अचूक धरलेला हवा. लगच्या पुढच्या बाजूला, दोन्ही अंगांना आणि तळाला वायरमनची प्लास्टिक टेप चिकटवतात. मागची बाजू उघडी ठेवून तिच्यावर फक्त मेणाचा हात फिरवतात. इपॉक्सी घट्ट झाल्यावर टेप सोलली, की तीन बाजूंना आणि तळाला बारीक फट राहते आणि मागे पूर्ण टेक मिळतो. स्क्रूची भोके आणि चापाची पोकळी मुलांच्या खेळण्याच्या मातीने बुजवली नाही, तर इपॉक्सी तिथे शिरून रायफल दस्त्यात कायमची अडकू शकते. अडकलेलीच असेल तर रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवून पोलाद आकसू देतात आणि सरळ वर उचलतात. डावीउजवीकडे हलवले तर नवी भिंत टवकते.

जुन्या दस्त्यात आणखी एक शत्रू दडलेला असतो, तेल. वर्षानुवर्षे नळी वर करून कपाटात उभ्या ठेवलेल्या रायफलीतून बंदुकीचे तेल झिरपत लाकडात उतरते. तिथले लाकूड काळे आणि स्पंजासारखे होते, आणि इपॉक्सी त्याला धरत नाही. असिटोनमध्ये कालवलेली खडूची भुकटी लावून, वाळवून, खरवडून पुन्हा लावावी लागते. हे काम दिवसेंदिवस चालते.

अमेरिकेच्या मरीन कोअरने व्हिएतनाममध्ये, १९६६ पासून, याच रेमिंग्टनच्या रचनेवरची एम४० रायफल अक्रोडाच्या दस्त्यासह वापरली. दमट हवेत लाकूड फुगून वाकले, नळीला टेकू लागले. एम४०ए१ या पुढच्या रूपात फायबरग्लासचा दस्ता आला. लगच्या मागे पूर्ण टेक देणारी इपॉक्सीची बैठक मात्र तिथेही हवीच होती.

काम नीट झाले की नाही हे बोटाने कळते. पुढचा स्क्रू हळूहळू सैल करताना नळी आणि दस्त्याचे पुढचे टोक यांच्या सांध्यावर बोट ठेवायचे. हालचाल जाणवली, तर दस्ता नळीला वाकवून धरतो आहे. डायल गेजवर ०.०५ मिलिमीटरपेक्षा कमी सरक चांगली मानतात. पहिल्या काही गोळ्यांनंतर रायफल एकदा उघडून मागच्या भिंतीवरची चकाकी पाहतात. ती भिंतभर सारखी असली तर स्क्रू ठरलेल्या जोराने आवळून टाकायचे. एका कोपऱ्यातच असली तर ती भिंत पुन्हा ओतायची.