नवव्या क्रमांकाची खेळाडू

सॉफ्टबॉलच्या मैदानावर एका संघातील नऊ जणी उतरतात. फलंदाजीचा क्रम सामन्यापूर्वी लिहून द्यावा लागतो आणि पुढे तो क्रम बदलता येत नाही. पहिल्या क्रमांकाची मुलगी कितीही कुशल असली, तरी उरलेल्या आठ जणींनी बॅट हाती घेतल्याशिवाय तिला दुसरी संधी मिळत नाही. तिन्ही बेसवर धावपटू उभ्या आहेत, संघाला एका धावेची गरज आहे, आणि नेमकी त्याच वेळी काल-परवा खेळायला आलेली नवव्या क्रमांकाची मुलगी पुढे येते. त्या क्षणी परीक्षा एकट्या तिची नसते. वर्षभर तिला कोणी, किती आणि कसे शिकवले, याचीही ती परीक्षा असते.

हा खेळ १८८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात, एका बंदिस्त सभागृहात सुरू झाला. तेव्हा गुंडाळून बांधलेला मुष्टियुद्धाचा हातमोजा हाच चेंडू होता आणि झाडूचा दांडा हीच बॅट होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या सॉफ्टबॉलला प्रथम स्थान मिळाले. भारतात तो शालेय स्पर्धांतून मुलींपर्यंत पोहोचला. तरीही खो-खो किंवा कबड्डीप्रमाणे तो अंगणात खेळला जात नाही. त्यामुळे येथील बहुतेक मुली या खेळात उशिराच येतात. शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा ग्लव्ह हातात घालणारी मुलगी कधी बारा वर्षांची असते, तर कधी पंधरा वर्षांची.

म्हैसूर जिल्ह्यात कपिला नदीच्या काठी वसलेले नंजनगूड हे गाव श्रीकंठेश्वराच्या मंदिरासाठी जसे प्रसिद्ध आहे, तसे ते रसबाळे या केळ्यासाठीही प्रसिद्ध आहे. केळीची बाग राखणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. एकाच दिवशी लावलेली सगळी झाडे एकाच दिवशी घड टाकत नाहीत. म्हणून मागे राहिलेल्या झाडाचे पाणी तो तोडत नाही. मुलींच्या बाबतीत मात्र हे शहाणपण अनेकदा विसरले जाते.

शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात आणि वय एका ठरावीक तारखेवरून मोजले जाते. त्यामुळे एकाच वर्षाच्या मुलींत जवळजवळ बारा महिन्यांचे अंतर असू शकते. शरीराच्या वाढीतील अंतर तर याहूनही मोठे असते. एखादी मुलगी अकराव्या वर्षीच उंच होते, तर दुसरीची उंची चौदाव्या वर्षी वाढू लागते. निवडीच्या दिवशी पहिलीचा चेंडू दूर जातो आणि ती गुणी ठरते. दुसरीचा चेंडू मध्येच पडतो आणि तिला ‘जमणार नाही’ असे सांगितले जाते. वास्तविक त्या दिवशी केवळ वाढ मोजली गेलेली असते. गुण अजून मोजायचाच असतो.

हा नकार मुलीच्या वाट्याला आला, तर तो अधिक जड होतो. नाकारलेला मुलगा गल्लीत, माळावर खेळत राहतो आणि दोन वर्षांनी पुन्हा निवडीला उभा राहतो. मुलीला मैदानातून परत पाठवले, की घरातील धाकटी भावंडे, पाण्याची घागर आणि चूल तिची वाटच पाहत असतात. तेराव्या वर्षी सहज उच्चारलेला एक शब्द तिच्यासाठी कायमचा निकाल ठरतो.

म्हणून नवशिक्या मुलीला शिकवणे हे निवड करण्यापेक्षा अवघड आणि अधिक मोलाचे काम आहे. नाव सॉफ्टबॉल असले, तरी चेंडू कठीण असतो. त्याची भीती प्रथम घालवावी लागते. त्यासाठी आरंभी हलका चेंडू आणि कमी अंतर पुरते. दोन्ही हातांनी झेल घेणे, कोपर खांद्याच्या उंचीवर आणून फेकणे, स्थिर ठेवलेल्या चेंडूवर बॅट फिरवणे, अशा पायऱ्या एकेक करून चढाव्या लागतात. नवखी मुलगी चेंडू क्वचित येणाऱ्या उजव्या कोपऱ्यात उभी करून ठेवली, तर तिला फक्त उभे राहणे शिकता येते. सरावात तरी तिला प्रत्येक जागी खेळवले पाहिजे. तिची तुलना शेजारणीशी न करता तिच्याच गेल्या महिन्याशी केली पाहिजे. दहा वेळांत तीनदा यशस्वी फटका मारणारी फलंदाजही या खेळात चांगली मानली जाते. म्हणजे चुकणे हा खेळाचाच भाग आहे, हे तिला आरंभीच सांगायला हवे.

अशा धीराचे फळ दूरवर शोधावे लागत नाही. नंजनगूडवरून वाहणारी कपिला पुढे टी. नरसीपूर येथे कावेरीला मिळते. त्याच टी. नरसीपूर तालुक्यातील कुरुबूर गावची बी. चैत्रा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होती. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखालील या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. लहान गावातही मुलींना रोज खेळायला मिळाले, तर त्या कोठवर पोहोचतात, हे त्या दिवशी दिसले.

उशिरा वळण घेणाऱ्यांसाठी सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबरचे उदाहरण आहे. लांब पल्ल्याची ही धावपटू वयाच्या पंचविशीत, २०१४ साली, अडथळे व पाणी ओलांडण्याच्या तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीकडे वळली. दोनच वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. १९८४ मधील पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या धावमार्गावर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला होती.

अर्थात, उशिरा आलेली प्रत्येक मुलगी ऑलिम्पिकला जाणार नाही. बहुतेक जणी जिल्ह्याचा संघही पाहणार नाहीत. परंतु अंगावर येणाऱ्या चेंडूला न घाबरता सामोरे जाण्याची सवय त्यांना जन्मभर पुरेल.

सॉफ्टबॉलमध्ये एक सुंदर नियम आहे. सामना सुरू करणाऱ्या खेळाडूला बाहेर बोलावले, तरी ती एकदा पुन्हा मैदानात येऊ शकते आणि फलंदाजीच्या क्रमातील तिचे पूर्वीचेच स्थान तिला मिळते. घरकामामुळे, आजारपणामुळे किंवा कोणाच्या एका शब्दामुळे मैदान सोडलेल्या मुली गावोगावी आहेत. त्यांतील एखादी दोन वर्षांनी परत आली, तर ‘इतके दिवस कोठे होतीस?’ असे विचारण्याआधी तिच्या हाती ग्लव्ह द्यावा. खेळाने तिच्यासाठी दार उघडे ठेवलेच आहे. आता माणसांनी ते लावू नये.